तंत्रकट्टा : हाताने केलं तर चालतं, आपोआप का नाही?



गेल्या अंकातला वाय-फायचा लेख वाचून दोघा-तिघांनी एकच प्रश्न विचारला : "ते सगळं ठीक आहे, पण अभ्यासिकेतल्या त्या जुन्या कॉम्प्युटरचं पुढे काय झालं?" प्रश्न रास्त आहे. त्या यंत्रांवरून मंडळाच्या बैठकीत बरीच चर्चा झाली होती. म्हणून यावेळचा कट्टा त्यांच्यावरच. लेख थोडा तांत्रिक आहे, पण जो बिघाड सापडला तो तुमच्या घरीही अधूनमधून होत असतो. ते शेवटी सांगतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. एका परिचितांचं ऑफिस बंद झालं आणि तिथले आठ कॉम्प्युटर, एक चोवीस पोर्टचा स्विच आणि पोतंभर केबल आपल्याकडे आल्या. ऑफिसने हार्डडिस्क काढून घेतल्या होत्या, ते योग्यच होतं. सहा यंत्रांत दोन जीबी रॅम, दोघांत एकच. आजच्या हिशेबाने हे म्हणजे म्हातारे बैल. कार्यवाह काकांनी सरळ विचारलं, "ही आठ खोकी ठेवायची की भंगारवाल्याला बोलवायचं, ते एकदाचं सांग." मी म्हटलं, "काका, चार शनिवार द्या. नाही चालली तर मीच टेम्पो बोलावतो."

चार शनिवार मागण्याचं कारण होतं. आपल्या अभ्यासिकेत बसणारी बरीच मुलं-मुली स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. अर्ज ऑनलाइन, प्रवेशपत्र ऑनलाइन, निकालही ऑनलाइन. मोबाइलवर तो अर्ज भरणं म्हणजे सुईच्या नेढ्यातून दोरखंड ओवणं. फोटो इतक्याच केबीचा हवा, सही तितक्याच पिक्सेलची हवी. मग ही मुलं सायबर कॅफेत जातात, दर अर्जामागे पैसे मोजतात आणि आधारकार्ड, मार्कशीट, सही यांच्या प्रती तिथल्या कॉम्प्युटरवर सोडून येतात. पुढचा माणूस बसतो तेव्हा मागच्याची सगळी कागदपत्रं त्याच्यासमोर उघडी असतात. एका अर्जाची शेवटची तारीख पाच आठवड्यांवर होती. त्याआधी यंत्रं चालली तर उपयोग, नाही तर पुढच्या भरतीपर्यंत नुसतीच अडगळ.

पाठीवरचं बिऱ्हाड

हार्डडिस्क नाही, रॅम तुटपुंजी, म्हणून आम्ही टायनी कोअर लिनक्स निवडलं. रॉबर्ट शिंगलडेकर यांनी ते सुरू केलं. त्याआधी ते डॅम स्मॉल लिनक्स या अशाच छोट्या प्रणालीवर काम करायचे. टायनी कोअरची पहिली आवृत्ती २००९ च्या सुरुवातीला आली. तिचा नुसता गाभा साधारण १७ एमबीचा आहे. फोनमधल्या तीन-चार फोटोंएवढा! त्यात लिनक्सचा कर्नल असतो आणि बिझीबॉक्स नावाचं एक अवजार असतं. शेकडो छोट्या आज्ञा एकाच प्रोग्रॅममध्ये बसवायची बिझीबॉक्सची कल्पना १९९० च्या दशकातली. ब्रूस पेरेन्स यांना लिनक्स बसवण्याची सगळी सामग्री एका फ्लॉपीत मावावी असं वाटत होतं, त्यातून ते जन्माला आलं.

हा गाभा पूर्णपणे रॅममध्ये राहतो. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं. यंत्र बंद केलं की सगळं पुसलं जातं. आपल्याला हेच हवं होतं. अर्ज भरला, पावतीची प्रिंट घेतली, बटण बंद केलं की आधारकार्डाची प्रत मागे उरत नाही.

पण १७ एमबीच्या गाभ्यात ब्राउझर नसतो, मराठी-गुजराती फाँट नसतात, प्रिंटर चालवायची सोयही नसते. ही प्रत्येक गोष्ट एका स्वतंत्र पेटीत मिळते. तांत्रिक भाषेत तिला पॅकेज म्हणतात, टायनी कोअरवाले एक्स्टेन्शन म्हणतात. यंत्र सुरू होताना कुठल्या पेट्या आणायच्या त्याची एक यादी असते. ती यादी आणि त्या पेट्या स्वतःच्या डिस्कवर नसतील, तर नेटवर्कवरच्या दुसऱ्या यंत्रातून आणता येतात.

बडोद्याच्या माणसाला ही कल्पना समजावून सांगायची फारशी गरज नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं उभं करायला घेतलं. त्यात फिरत्या पेट्या होत्या. ज्या गावाकडे स्वतःची पुस्तकं नव्हती, तिथे मध्यवर्ती ठिकाणाहून पुस्तकांनी भरलेली पेटी जायची. आपली आठ यंत्रं म्हणजे ती गावं, आणि कोपऱ्यातला एक जुना लॅपटॉप म्हणजे मध्यवर्ती ग्रंथालय. पेटी गावात पोचायला रस्ता मात्र खुला पाहिजे. आपली गोष्ट त्या रस्त्याचीच आहे.

चार टप्प्यांची शर्यत

डिस्क नसलेलं यंत्र नेटवर्कवरून कसं उठतं ते आधी पाहू. ही रिले शर्यत आहे, काठी हातोहात जाते.

पहिला टप्पा नेटवर्क कार्डाचा. कार्डाच्या आतच पीएक्सई नावाचा चिमुकला प्रोग्रॅम असतो. यंत्र चालू होताच तो नेटवर्कवर ओरडतो, "मला कुणी पत्ता देता का?" लॅपटॉपवरचा डीएचसीपी सर्व्हर त्याला आयपी पत्ता देतो आणि पुढची फाइल कुठे मिळेल ते सांगतो.

दुसरा टप्पा टीएफटीपीचा. फाइल आणण्याची ही अगदी साधी पद्धत, १९८१ पासूनची. ५१२ बाइटचा एक तुकडा द्यायचा, "पोचला" असं उत्तर आलं की पुढचा. या मार्गाने आधी बूटलोडर येतो, मग कर्नल आणि गाभा.

तिसरा टप्पा कर्नलचा. तो जागा होतो, नेटवर्क कार्ड स्वतःच्या ताब्यात घेतो आणि पुन्हा एकदा पत्ता मागतो. इथे बहुतेकांची गफलत होते. एकदा पत्ता मिळाला होता ना, मग पुन्हा कशाला? कारण पहिल्या टप्प्यात पत्ता मिळवणारा प्रोग्रॅम आता संपलेला असतो. घरात नवा भाडेकरू आला की गॅसचं कनेक्शन त्याने पुन्हा आपल्या नावावर घ्यायचं, तसंच हे.

चौथा टप्पा : यादी आणायची, यादीतली एकेक पेटी आणायची, जोडायची आणि पडदा रंगवायचा.

पहिल्या शनिवारी आठही यंत्रं केबलने जोडून बटणं दाबली. तीन यंत्रांवर छान डेस्कटॉप उमटला. पाच यंत्रं काळ्या पडद्यावर, लुकलुकणाऱ्या कर्सरपाशी थांबली. गाभा आला होता, पेट्या आल्या नव्हत्या. पण त्या काळ्या पडद्यावर हाताने आज्ञा टाइप केली की पेट्या एका झटक्यात यायच्या आणि ब्राउझर सुरू व्हायचा.

एका स्वयंसेवकाने लगेच सुचवलं, "मग रोज सकाळी कुणीतरी येऊन हाताने टाइप करू या की." असा तोडगा आठवडाभर चालतो. मग तो माणूस गावाला जातो आणि यंत्रं पुन्हा अडगळ होतात.

यंत्र बिघडलंय की जागा?

अशा वेळी पडद्यावरचा संदेश आपल्याला हमखास फसवतो. पडद्यावर लिहिलं होतं : यादी मिळाली नाही. वाचून वाटतं की यादीत दोष आहे, किंवा ती देणाऱ्या सर्व्हरमध्ये. पण रिलेमध्ये काठी पडली की ती शेवटच्या धावकाच्या पायाशी दिसते. ती नेमकी कुणाच्या हातून निसटली, हे मागे जाऊन बघावं लागतं.

म्हणून आधी पाच यंत्रांकडे न बघता सर्व्हरची नोंदवही बघायची. कुठलंही मागणं आलं की सर्व्हर वेळेसकट एक ओळ लिहितो. इथे तीन शक्यता असतात. मागणं आलं आणि फाइल दिली : दोष फाइल पोचल्यानंतरचा. मागणं आलं आणि "अशी फाइल नाही" म्हणजे ४०४ उत्तर गेलं : दोष नावात किंवा जागेत. मागणं आलंच नाही : दोष रस्त्यात. आमच्या नोंदवहीत त्या पाच यंत्रांनी कर्नल नेल्याच्या आणि गाभा नेल्याच्या ओळी होत्या. यादी मागितल्याची ओळच नव्हती. म्हणजे यादी निर्दोष, सर्व्हर निर्दोष. यंत्राची हाक तिथवर पोचलीच नव्हती.

पण मग हाताने टाइप केल्यावर ती कशी पोचते? केबल तीच, कार्ड तेच, सर्व्हर तोच. बदलतं ते एकच : माणूस खुर्ची ओढतो, चष्मा पुसतो, आज्ञा टाइप करतो, तोवर मिनिटभर गेलेलं असतं. "हाताने चालतं, आपोआप चालत नाही" हे ऐकलं की सर्वात आधी घड्याळाकडे बघावं.

दुसरा धागा सापडला तो बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या, रोज अभ्यासिकेत बसणाऱ्या एका मुलीला. मी सर्व्हरपाशी होतो. तिने तेवढ्यात कुणालाही न विचारता कोपऱ्यातलं एक चालणारं यंत्र उचलून भिंतीकडच्या लांब टेबलावर नेलं आणि तिथलं एक न चालणारं कोपऱ्यात आणलं. दोन्ही सुरू केली. कोपऱ्यातलं चाललं, भिंतीकडचं थांबलं.

"दादा, मशीन बिघडलेलं नाहीये. जागा बिघडलीये."

इतका नेमका निष्कर्ष मी ऑफिसात क्वचितच ऐकतो. दोन गोष्टींची अदलाबदल करायची आणि बिघाड कुणाबरोबर जातो ते बघायचं. यंत्राबरोबर गेला तर यंत्रात, जागीच राहिला तर जागेत. या चाचणीला ना पदवी लागते, ना पैसा.

मग दोन जागांत फरक काय? भिंतीकडची पाच यंत्रं थेट त्या मोठ्या चोवीस पोर्टच्या स्विचला जोडलेली होती. कोपऱ्यातल्या तिघांपर्यंत केबल पुरत नव्हती, म्हणून मध्ये पाच पोर्टचा साधा, स्वस्तातला स्विच टाकला होता. म्हणजे भारी स्विचवर यंत्रं अडत होती आणि स्वस्त स्विचमागे चालत होती!

तीस सेकंदांचा पहारा

मोठ्या स्विचमध्ये स्पॅनिंग ट्री नावाची एक सोय असते. रॅडिया पर्लमन या अमेरिकन संशोधिकेने १९८५ साली ती शोधली. कुणी चुकून केबलची दोन्ही टोकं अशी जोडली की नेटवर्कमध्ये गोल रस्ता तयार झाला, तर संदेश त्यात गरागरा फिरत राहतात आणि काही क्षणांत सगळं नेटवर्क ठप्प होतं. हे टाळायला स्विच प्रत्येक पोर्टवर आधी पहारा ठेवतो. नवी केबल जिवंत झाली की १५ सेकंद नुसतं ऐकायचं, पुढची १५ सेकंद पलीकडे कोण आहे ते शिकायचं आणि मगच रहदारी सोडायची. एकूण ३० सेकंद. आमच्या स्विचवर तेवढा वेळ पोर्टचा दिवा नारिंगी राहायचा, मग हिरवा व्हायचा. मोबाइलच्या घड्याळावर मोजलं तर साधारण तेवढाच वेळ भरला.

आता रिले पुन्हा बघू. पहिल्या टप्प्यातला पीएक्सई चिवट असतो. पत्ता मागून तो ४ सेकंद थांबतो, मग ८, मग १६, मग ३२. एकूण मिनिटभर. त्यामुळे ३० सेकंदांचा पहारा तो सहज निभावून नेतो. आपल्याला वाटतं, वा, नेटवर्क ठणठणीत आहे. मग कर्नल येतो आणि कार्डाचा ताबा घेताना ते क्षणभर बंद करून पुन्हा चालू करतो. स्विचला वाटतं केबल निघाली आणि नवीन लागली. झालं, पुन्हा ३० सेकंद पहारा! पण या टप्प्यावर पत्ता मागणारा बिझीबॉक्सचा प्रोग्रॅम पीएक्सईएवढा चिवट नाही. तो तीन सेकंदांच्या अंतराने तीनदा हाक मारतो आणि मग २० सेकंद गप्प बसतो.

यंत्राच्या स्वतःच्या नोंदीत हा हिशेब सेकंदासकट दिसत होता. सहाव्या सेकंदाला केबल जिवंत. चौदाव्या सेकंदापर्यंत तिन्ही हाका वाया. पंचविसाव्या सेकंदाला यादी आणणाऱ्याने वाट पाहून प्रयत्न सोडला. सदतिसाव्या सेकंदाला पत्ता मिळाला. म्हणजे आपण पडद्यापाशी जाऊन तपासतो तेव्हा पत्ता असतोच. फक्त ज्याला तो हवा होता, तो बारा सेकंद आधी निघून गेलेला असतो.

कोपऱ्यातली यंत्रं का चालत होती, हेही उलगडलं. त्यांच्या मधल्या साध्या स्विचमध्ये असा पहारा नाही. आणि तो साधा स्विच दिवसभर चालूच असल्यामुळे मोठ्या स्विचच्या दृष्टीने त्या पोर्टवरची केबल कधी निघतच नव्हती.

यावर दोन उपाय आहेत आणि आम्ही दोन्ही केले. एक, स्विचला सांगायचं की या पाच पोर्टवर फक्त कॉम्प्युटर आहेत, दुसरा स्विच नाही, तेव्हा इथे लगेच रहदारी सोड. याला एज पोर्ट किंवा पोर्टफास्ट म्हणतात. ज्या पोर्टवर पुढे दुसरा स्विच लावलेला आहे तिथे मात्र हे करू नये, पहारा तिथेच कामाचा असतो. दुसरा उपाय, यादी आणण्याआधी यंत्राला थांबायला शिकवायचं.

थांबायलाही पद्धत लागते. "४० सेकंद झोप आणि मग पुढे जा" असं लिहिणं सोपं आहे. पण जिथे दोन सेकंदांत पत्ता मिळतो, तिथेही मग प्रत्येकाला ४० सेकंद ताटकळावं लागतं, आणि एखाद्या दिवशी ४५ सेकंद लागले तर पुन्हा तेच रडगाणं. त्यापेक्षा दर सेकंदाला विचारायचं, "सर्व्हर उत्तर देतोय का?" देत असेल तर लगेच पुढे. एक मिनिट झालं तरी नाही, तर पडद्यावर मराठीत स्पष्ट लिहायचं : सर्व्हर सापडत नाही, लॅपटॉप चालू आहे का आणि केबल बसली आहे का ते बघा. ठरावीक वेळ न थांबता ठरावीक गोष्ट होईपर्यंत थांबायचं, त्याला कमाल मर्यादा घालायची, आणि हरलो तर का हरलो ते सांगायचं. हे तीन नियम कुठल्याही प्रोग्रॅमला लागू आहेत.

उरलेली भुतं

मोठा अडथळा गेला की त्याच्यामागे लपलेले छोटे दिसू लागतात. ते थोडक्यात सांगतो, कुणी असाच प्रयोग करणार असेल तर उपयोगी पडतील.

एका शनिवारी यादीत एका स्वयंसेवकाने गुजराती फाँटची पेटी वाढवली. नाव अचूक, पेटी जागेवर, तरी ४०४. यादी विंडोजच्या नोटपॅडमध्ये बदलली होती. विंडोज ओळीच्या शेवटी एक न दिसणारं चिन्ह जास्त टाकतं आणि लिनक्स ते नावाचाच भाग समजतं. डोळ्यांना दोन्ही नावं सारखी दिसतात, सर्व्हरच्या नोंदवहीत मात्र नावाच्या शेवटी परकं चिन्ह दिसतं. यादी लिनक्समध्येच बदलायची, किंवा ते चिन्ह काढून टाकायचं, प्रश्न मिटला.

एका यंत्राचं कार्ड वेगळ्या जातीचं निघालं. पीएक्सई चालायचं, पण कर्नल आल्यावर कार्ड दिसेनासं व्हायचं. त्या कार्डाचा ड्रायव्हर गाभ्यात नव्हता, तो एका पेटीत होता आणि पेटी नेटवर्कपलीकडे. कपाटाची किल्ली कपाटातच राहिली! अशा वेळी ड्रायव्हर वेगळ्या छोट्या गाठोड्यात बांधून, गाभ्यासोबत दुसऱ्या टप्प्यातच पाठवायचा. बूटलोडरला स्वल्पविराम देऊन दोन गाठोडी सांगता येतात.

एकावर सगळं चालायचं, पण अर्जाची वेबसाइट उघडली की ब्राउझर म्हणायचा, हे प्रमाणपत्र वैध नाही. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली होती आणि यंत्राचं घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं होतं. सुरक्षित वेबसाइटच्या प्रमाणपत्रावर "या तारखेपासून या तारखेपर्यंत" असं लिहिलेलं असतं. घड्याळ जुनं साल दाखवत असेल तर यंत्राच्या मते ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. सीआर २०३२ बॅटरी स्वस्तात मिळते. शिवाय आता प्रत्येक यंत्र सुरू होताना सर्व्हरकडून वेळ विचारून घेतं.

आणि एक जीबी रॅमची दोन यंत्रं. पेट्या रॅममध्ये आणून ठेवल्या की ब्राउझरला हातपाय पसरायला जागाच उरायची नाही, मध्येच सगळं गोठायचं. त्यांच्यासाठी पेट्या आणायच्याच नाहीत असं ठरवलं. पेट्यांचं कपाट एनएफएसने नेटवर्कवरूनच जोडायचं आणि लागेल तेवढंच वाचायचं. पुस्तक घरी न आणता वाचनालयात बसून वाचण्यासारखं. तरीही ती हळूच चालतात. त्यांच्यावर अर्ज भरू नका, टायपिंगचा सराव करा, असा कागद वर चिकटवला आहे.

भंगारवाल्याला काय मिळालं?

आठपैकी सात यंत्रं चालू आहेत. आठव्याचा पॉवर सप्लाय जळलेला होता. त्याची रॅम आणि पंखा बाकीच्यांच्या कामी आला आणि उरलेलं खोकं तेवढं भंगारात गेलं. शेवटच्या तारखेच्या आधीच्या आठवड्यात अभ्यासिका रात्री नऊपर्यंत उघडी ठेवली होती. ज्या मुलींना अंधार पडल्यावर सायबर कॅफेत जायला घरून परवानगी नसायची, त्यांनी इथे बसून अर्ज भरले. पावतीची प्रिंट हातात आली की प्रत्येकजण बटण बंद करायची आणि उठायची. काका आता टेम्पोचं नाव काढत नाहीत. उलट प्रिंटरच्या कागदाचा हिशेब मागतात.

अदलाबदलीची चाचणी करणारी ती मुलगी हल्ली सर्व्हरची नोंदवही वाचते. परवा मला फोनवर म्हणाली, "दादा, तीन नंबरवाल्याने यादी मागितली, मिळाली, पण फाँटची पेटी दोनदा मागतोय. बघून ठेवते." कॉम्प्युटरचा कुठलाही कोर्स न केलेल्या मुलीला हे जमतं, कारण ही प्रणाली छोटी आहे. मोठ्या, चकचकीत प्रणालीत सुरू होतानाच्या शेकडो गोष्टी फिरत्या चकलीच्या चित्रामागे लपवलेल्या असतात. इथे एक यादी आहे, पंधरा-वीस पेट्या आहेत आणि प्रत्येक पावलाची ओळ कुठेतरी लिहिलेली आहे. शिकायचं असेल तर अशा यंत्रावर शिकावं. मुलांनो, घरात जुना लॅपटॉप धूळ खात पडला असेल तर आईबाबांना विचारून तो मागून घ्या.

आता तुमच्या घरातलं. वीज गेली आणि परत आली की टीव्ही म्हणतो "इंटरनेट नाही", कॅमेरे ऑफलाइन दिसतात, आणि आजोबांची मालिका चुकली म्हणून आपण कंपनीला फोन लावतो. बऱ्याचदा बिघाड काहीच नसतो. टीव्ही आणि कॅमेरा काही सेकंदांत उठतात, राउटरला मात्र मिनिट-दोन मिनिटं लागतात. त्यांनी हाक मारली तेव्हा तो जागाच नव्हता, आणि काही उपकरणं पुन्हा हाक मारायचे कष्ट घेत नाहीत. राउटरचे दिवे स्थिर होऊ द्या, मग टीव्ही एकदा बंद करून चालू करा. राउटरला छोटा यूपीएस लावलात तर तेवढंही करावं लागणार नाही.

पुढच्या अंकात पासवर्डबद्दल लिहीन : घरातल्या सगळ्यांचे पासवर्ड एकाच वहीत लिहून ठेवावेत की नाही. तुमच्या घरची पद्धत मला जरूर कळवा. आणि कुणाकडे सुस्थितीतला पॉवर सप्लाय पडून असेल, तर अभ्यासिकेत आणून द्या.